जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा ऑनबोर्ड चार्जर आम्ही घरी खोलला त्याबद्दल

गाडी २०१४ ची आहे, माझ्याकडे सेकंड हँड आली आणि अजून रोज चालते. बॅटरी वयाच्या मानाने चांगली आहे, मोटरला तर काहीच झालेलं नाही, त्यामुळे एक दिवस सकाळी उठून बघितलं की रात्रभर प्लग लावूनसुद्धा चार्ज ४१ टक्क्यांवरच अडकलाय तेव्हा आधी वाटलं रात्री लाइट गेली असेल. पण लाइट गेली नव्हती. प्लग काढून परत लावला तर चार्जिंग सुरू, म्हणून सोडून दिलं. मग चार दिवसांनी परत तेच, मग दोन दिवसांनी, मग रोज. जवळ बसून बघितलं तेव्हा कळलं की साधारण अर्धा तास व्यवस्थित चार्ज होते, मग बॉनेटखालून टक्‌ असा आवाज येतो आणि थांबते. थोडी थंड होऊ दिली की परत सुरू, परत अर्ध्या तासाने टक्‌. असं दोनेक आठवडे चाललं आणि मग एका रात्री सगळंच बंद, प्लग लावला की सात-आठ सेकंदांत लाल दिवा.

सर्व्हिसवाल्यांनी लॅपटॉप जोडला, कोड वाचला आणि सांगितलं, "मॅडम, ऑनबोर्ड चार्जर गेलाय, रिपेअर होत नाही, पूर्ण युनिटच बदलतात, आणि या मॉडेलचं युनिट आता मिळायला अवघड आहे." त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना तो डबा उघडायची परवानगीच नसते आणि हाय व्होल्टेजचं काम असल्यामुळे तो नियम मला पटतोही. पण त्या वाक्याने किती चांगल्या चालत्या गाड्या भंगारात जात असतील हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नाही.

आधी एक गोष्ट सांगते जी मलाही गाडी घेतल्यावर बऱ्याच दिवसांनी कळली. भिंतीवर जो बॉक्स लावतो आणि ज्याला आपण सगळे चार्जर म्हणतो तो चार्जर नाहीच. त्याच्यात एक मोठा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, असतो, लीकेज पकडायचं सर्किट असतं आणि गाडीशी बोलायची एक वायर असते, बस. तो फक्त एसी करंट गाडीपर्यंत आणून सोडतो. खरा चार्जर गाडीत असतो, तोच ऑनबोर्ड चार्जर, तो एसीचा डीसी करतो आणि बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज, हवा तेवढा करंट देतो. आणि रस्त्यावरचा डीसी फास्ट चार्जर असतो तो हे सगळं बाहेरच करतो आणि ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीला जोडला जातो. म्हणूनच एसीवर चार्ज होत नाही पण डीसीवर होते असं असेल तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर जातो. माझी डीसीवर व्यवस्थित होत होती. त्यामुळे गाडी वापरात राहिली, पण कायम डीसीवर काढायची माझी तयारी नव्हती, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीतले सेल एका पातळीवर आणायचं काम हळू एसी चार्जिंगच्या शेवटी होतं, फास्ट चार्जिंगला तिथपर्यंत आपण सहसा जातच नाही.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, इन्व्हर्टर आणि वेल्डिंग मशीन रिपेअर करण्यात त्याची वीस वर्षं गेली आहेत, तो पहिल्यांदा हेच म्हणाला की डबा उघडायचा विचारसुद्धा सगळ्यात शेवटी करायचा, बाहेरून आत जायचं. म्हणून आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघितली. हे हास्यास्पद वाटेल पण खरंच बघा, कारण गाडीतले सगळे कंट्रोलर आणि मुख्य बॅटरी जोडणारे मोठे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, त्या छोट्या बॅटरीवर चालतात आणि ती मरायला टेकली की गाडी वाट्टेल ते कोड दाखवते, त्यात चार्जरचेही कोड येतात. माझी ठीक होती. मग भिंतीवरच्या बॉक्सला दुसरी गाडी लावून बघितली, ती मस्त चार्ज झाली, म्हणजे बॉक्स आणि केबल दोन्ही निर्दोष. मग गाडीच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना बघितल्या, काळी पडलेली किंवा वितळलेली पिन असेल तर तिथला टेंपरेचर सेन्सर चार्जिंग थांबवू शकतो. पोर्टचं लॉकही बघितलं, काही गाड्यांत लॉक पूर्ण बसलं नाही तरी चार्जिंग सुरूच होत नाही. आणि हो, चार्जिंगचा टायमर चुकून सेट झालेला नाही ना तेही.

मग ती बोलायची वायर, तिला कंट्रोल पायलट म्हणतात. तिच्यावर बॉक्सकडून १२ व्होल्ट येतात, गाडी जोडली की गाडीतल्या रेझिस्टरमुळे ते ९ वर येतात आणि गाडी चार्ज घ्यायला तयार झाली की ६ वर. शिवाय त्याच वायरवर सेकंदाला १००० वेळा चालू-बंद होणारा सिग्नल असतो आणि त्याच्या रुंदीवरून गाडीला कळतं की किती करंट ओढायला परवानगी आहे, १६ अँपियरला साधारण २७ टक्के, ३२ अँपियरला ५३ टक्के. साध्या मल्टीमीटरने हे नीट दिसत नाही, सरासरी दाखवून तो फसवतो, दादाकडे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा, हातात मावणारा स्कोप होता त्याच्यावर बघितलं. १२, मग ९, मग ६, आणि सात सेकंदांनी परत ९. म्हणजे गाडी सांगतेय मी तयार आहे, बॉक्स करंट सोडतोय, आणि मग गाडीच माघार घेतेय. आता मात्र आत जाण्याशिवाय पर्याय नव्हता.

चार्जर कुठे बसवलाय हे गाडीगणिक वेगळं असतं, आधी शोधा. निसान लीफच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तो मागच्या सीटच्या पाठीमागे होता, २०१३ पासून पुढे बॉनेटखाली आला. टेस्ला मॉडेल एस २०१२ मध्ये आली तेव्हा तिच्यात एक किंवा दोन चार्जर घेता यायचे. रेनॉ झोएच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर चार्जिंगसाठी मोटरचंच वाइंडिंग वापरलंय, त्यामुळे तिथे चार्जर म्हणून एक सुटा डबा काढून दुसरा बसवला असं सरळ कामच नाही. आणि अनेक गाड्यांत चार्जर आणि १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच डब्यात असतात, तो डबा काढला की गाडी चालवताच येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. माझा डबा बॉनेटखाली होता, ३.३ किलोवॅटचा, आणि कन्व्हर्टर वेगळा होता.

आता जे लिहिणार आहे ते कृपया गाळून पुढे जाऊ नका. हा मोबाइलचा चार्जर नाही. बॅटरी पॅक ३५० ते ४०० व्होल्ट डीसी, आणि चार्जरच्या आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात ते ३९० व्होल्टच्या आसपास चार्ज होऊन बसतात. आमच्या डब्यात ४७० मायक्रोफॅरडचे चार होते, हिशोब केला तर १४० ज्यूलच्या वर ऊर्जा होते, हातातून छातीतून गेली तर माणूस जागेवर जाऊ शकतो. आणि प्लग काढलेला असतानासुद्धा ती तिथे असू शकते. ज्याने आयुष्यात हाय व्होल्टेज डीसीवर काम केलेलं नाही त्याने निदान करावं, डबा बाहेर काढायला आणि उघडायला असा माणूस शोधावा ज्याला सवय आहे. मी स्वतः दादा शेजारी नसताना त्या डब्याला हात लावलेला नाही.

आम्ही केलं ते असं. गाडी बंद, चावी लांब दुसऱ्या खोलीत, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढली, मग मुख्य बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि तो प्लग दादाने स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे आपण काम करताना दुसरं कोणी चांगल्या मनाने तो परत बसवू नये. मग मॅन्युअलमध्ये लिहिलेली वेळ थांबलो, माझ्या गाडीला १० मिनिटं आहे, आम्ही अर्धा तास थांबलो. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, घालण्याआधी हवा भरून दाबून बघितले कुठे भोक आहे का. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलचा कनेक्टर काढल्यावर मीटरने मोजलं, प्लस-मायनस, प्लस-बॉडी, मायनस-बॉडी, तिन्ही शून्य. आणि मोजायच्या आधी आणि नंतर तोच मीटर एका चालू बॅटरीवर लावून बघितला, कारण मीटरच मेला असेल तर तोही शून्यच दाखवेल. ही शेवटची सवय मला दादाकडून लागली आणि आता घरातला साधा स्विच बदलतानासुद्धा मी ती पाळते.

डबा काढायला कूलंटचे दोन पाइप, तीन कनेक्टर आणि चार बोल्ट, म्हणजे त्यात विशेष काही नाही, फक्त पाइपना क्लॅम्प लावा आणि कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. झाकण मात्र हट्टी होतं, सगळीकडून सीलंटने चिकटवलेलं, ते स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर अॅल्युमिनियमची कड खराब होते आणि मग परत कधीच वॉटरप्रूफ होत नाही. आम्ही प्लास्टिकची पट्टी आणि धीर वापरला, तासभर गेला. उघडल्यावर पहिलं काम, त्या मोठ्या कपॅसिटरवर मीटर. १९ व्होल्ट होते, इतक्या वेळाने. तरीही दादाने १० किलोओहम २५ वॅटचा रेझिस्टर दोन मिनिटं लावून तेवढेही उतरवले. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून डिस्चार्ज करणारे लोक असतात, ते करू नका, ठिणगीने कपॅसिटरही जातो आणि डोळाही.

आतमध्ये काय असतं ते एकदा वाटेवरून चालल्यासारखं बघितलं की भीती जाते. एसी आत येतो तिथे फ्यूज, मग व्होल्टेजचा झटका खाणारे व्हॅरिस्टर, मग जाडजूड कॉइल असलेला फिल्टर. पुढे ब्रिज रेक्टिफायर, तिथे एसीचा डीसी होतो. मग पीएफसी नावाचा भाग, तो लाइनमधून करंट सरळ आणि गुळगुळीत ओढतो आणि व्होल्टेज ३९० पर्यंत चढवतो, ते त्या चार कपॅसिटरमध्ये साठतं. त्याच्यापुढे मॉसफेट, म्हणजे वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, ते परत कापतात, एका छोट्या पण जाड ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे पाठवतात, पलीकडे डायोड, फिल्टर, फ्यूज आणि मग बॅटरी. ट्रान्सफॉर्मरमुळे तुमच्या घराची लाइन आणि गाडीची बॅटरी एकमेकांपासून पूर्ण वेगळी राहते. बाजूला एक कंट्रोल बोर्ड, तो गाडीच्या बाकीच्या कंट्रोलरशी बोलतो. आणि सगळं उष्णता देणारं सामान खाली कूलंटच्या प्लेटला चिकटवलेलं. बस इतकंच आहे. दादा म्हणाला, "अगं, हे तर वेल्डिंग मशीनच आहे, फक्त अंघोळ करून आलेलं."

दादाने आधी मॉसफेट आणि डायोड मीटरने तपासले, कुठेही शॉर्ट नाही, इनपुटचा फ्यूज शाबूत. मग ब्रिजच्या जवळ सिमेंटचा एक पांढरा रेझिस्टर, ४७ ओहम, १० वॅटचा, तो ओपन, म्हणजे आतून तुटलेला. वरून अगदी बारीक चीर होती, जळाल्याचा काळा डाग वगैरे काही नव्हतं. हा रेझिस्टर कशासाठी असतो तर, रिकामे कपॅसिटर एकदम लाइनला जोडले तर क्षणभर ते शॉर्टसारखे वागतात, म्हणून सुरुवातीला करंट या रेझिस्टरमधून हळू सोडतात, कपॅसिटर भरले की शेजारचा रिले लागतो, रेझिस्टरला बायपास करतो आणि खरा करंट रिलेतून जातो. रेझिस्टर ओपन म्हणजे कपॅसिटर भरतच नाहीत, कंट्रोल बोर्ड सात-आठ सेकंद वाट बघतो आणि फॉल्ट देतो. आमचा लाल दिवा हाच.

इतका आनंद झाला मला! त्याच मापाचा रेझिस्टर टाकला, डबा तात्पुरता बंद करून गाडीत बसवला, प्लग लावला, टक्‌, चार्जिंग सुरू. तीन रात्री गाडी १०० टक्के झाली. चौथ्या रात्री अर्ध्या तासाने टक्‌ आणि बंद.

इथे मी चुकले होते आणि ते मोकळेपणाने लिहितेय कारण हीच या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट आहे. दादाने मला तेव्हाच विचारलं होतं, "जळालंय ते बदलशील, पण जाळलं कोणी ते बघितलंस का?" आणि मी म्हणाले होते की रेझिस्टर जुना झाला, गेला, त्यात काय एवढं. पण रेझिस्टर असा आपोआप मरत नाही, त्याला दिवसातून एकदा एखादा सेकंद काम असतं. आणि माझ्याकडे दोन आठवड्यांचा पुरावा होता तो मी पूर्ण विसरले होते, अर्ध्या तासाने येणारा तो आवाज. तो रिले सुटल्याचा आवाज होता. चार्जिंग चालू असताना रिले सुटला की सगळा करंट त्या बिचाऱ्या रेझिस्टरवर येतो. १४ अँपियर त्याच्यातून जाऊच शकत नाहीत, २३० व्होल्टला ४७ ओहममधून जास्तीत जास्त पाचेक अँपियर जातील, पण तेवढ्यातसुद्धा १० वॅटच्या रेझिस्टरवर १००० वॅटच्या वर उष्णता होते. कंट्रोल बोर्ड लगेच चार्जिंग थांबवतो म्हणून तो एका झटक्यात फुटत नाही, पण रोज असा एक तडाखा, कधी दोन, शेवटी चीर पडते.

म्हणजे प्रश्न हा की गरम झाल्यावर रिले का सुटतो. डबा परत बाहेर, परत सगळी खबरदारी पहिल्यापासून. टेबलावर ठेवून दादाने रिलेच्या कॉइलला ट्रॅकच्या लांबच्या टोकाकडून बाहेरून १२ व्होल्ट दिले, टक्‌, रिले लागला. मग मी हेअर ड्रायर घेऊन बोर्डच्या त्या कोपऱ्यावर गरम हवा सोडत बसले. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही, आणि चौथ्या मिनिटाला टक्‌, सुटला. थंड होऊ दिलं, परत लागला. परत गरम केलं, परत सुटला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागलो, कारण जो दोष दोन आठवडे हुलकावणी देत होता तो आता आमच्या टेबलावर मागू तेव्हा येत होता.

बोर्डाची खालची बाजू बघायला हीटसिंकचे सगळे स्क्रू काढावे लागले, वरचं संरक्षक कोटिंग लाकडी काडीने खरवडावं लागलं, आणि मग भिंगाखाली दिसलं. कॉइलच्या एका पिनभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर. रिले जड असतो, गाडी हादरते, रोज गरम-थंड होतं, दहा वर्षं. बोर्ड गरम होऊन फुगला की पिन आणि सोल्डर यांच्यात न दिसणारी फट पडायची आणि कॉइलचा करंट तुटायचा. नवीन पार्टची गरजच नव्हती! जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढलं, फ्लक्स लावून नवीन भरलं. मग त्याच प्रकारच्या सगळ्या जड पार्टच्या पिना, फिल्टरची कॉइल, दुसरा रिले, कनेक्टर, सगळं परत सोल्डर केलं, कारण एकीला चीर पडली म्हणजे शेजारणी रांगेत असणारच. रिलेसुद्धा नवीन टाकला, इतक्या वेळा लोडवर सुटल्यामुळे त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले असणार, तो परत वापरायला मन घेईना. आणि ४७ ओहम परत नवीन.

कपॅसिटरवरून आमचा वाद झाला. ४७० मायक्रोफॅरडच्या जागी चारपैकी तीन ४४० च्या आसपास दाखवत होते, एक ३५०. दादाचं म्हणणं फक्त तो एक बदलू. मी म्हटलं चारही. हे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून हळूहळू सुकतात आणि साधारण १० अंश जास्त गरम राहिले की आयुष्य अर्ध्यावर येतं, त्यामुळे एकाच डब्यात एकाच वयाचे चार असतील तर बाकीचे तीन किती दिवस काढणार, आणि हा डबा परत उघडायचा म्हणजे परत ते सगळं. शेवटी चारही बदलले. ४५० व्होल्टचे, १०५ अंशांचे, आणि रिपल करंटची, म्हणजे सतत आत-बाहेर होणाऱ्या करंटची, क्षमता जुन्याएवढी किंवा जास्त हे नीट बघून. उंचीही मोजून घ्या, आमचा पहिला संच चार मिलिमीटर उंच निघाला, झाकण बसेना, परत करावा लागला. बसवल्यावर बुडाशी सिलिकॉनचा आधार दिला, नाहीतर हादऱ्याने हेही पायात तुटतात. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, त्यातून निघणारं अॅसिड तांबं खातं, इलेक्ट्रॉनिक्सला चालतो असं स्पष्ट लिहिलेला न्यूट्रल प्रकारचा घ्या.

थेट गाडीत लावायच्या आधी सिरीज बल्ब. १०० वॅटचा साधा फिलामेंटवाला, एलईडी नाही, तो इनपुटच्या वायरमध्ये मधेच जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि चार्जर वाचतो, सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मावळतो. आमचा चमकला आणि मावळला, मोठ्या कपॅसिटरवर ३१८ व्होल्ट, म्हणजे २३० च्या लाइनला जितके यायला हवेत त्याच्या जवळपास. चार्जर टेबलावर पूर्ण सुरू होत नाही, त्याला गाडीच्या कंट्रोलरचा हुकूम लागतो, पण एवढ्यावरून इनपुटकडचा भाग शॉर्ट नाही हे कळतं. मग परत डिस्चार्ज, आणि इनपुटमधून बॉडीकडे वीज झिरपत नाही ना ते इन्सुलेशन टेस्टरने बघितलं. २५० व्होल्टवरच बघा, कारण इनपुटपासून अर्थला व्हॅरिस्टर असतील तर ५०० ला ते वाहायला लागतात आणि चांगला चार्जरही खराब वाटतो. कूलंटच्या वाटेत पाणी भरून दोन्ही तोंडं बंद करून रात्रभर झाकणाशिवाय ठेवला, सकाळी आत कोरडं. मगच थर्मल पेस्ट नवीन, सीलंट नवीन, झाकण, आणि बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने घट्ट.

गाडीत बसवल्यावर कूलंटमधली हवा काढायला कंटाळा करू नका. आत हवेचा बुडबुडा अडकला तर प्लेट गरम होते आणि चार्जर स्वतःच पॉवर कमी करतो, मग वाटतं रिपेअर फसलं. पंप चालू ठेवून, टाकीत थोडं थोडं ओतत, बुडबुडे थांबेपर्यंत उभी राहिले मी.

हे वाचून असं वाटायला नको की प्रत्येक चार्जर असा दुरुस्त होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीला प्लग लावला की घरचा आरसीसीबीच, म्हणजे लीकेज झालं की लाइन तोडणारा स्विच, पडायचा, प्रत्येक वेळी. म्हणजे लीकेज, बहुतेक ओलावा. तिचा डबा उघडला तर आत कूलंट. प्लेटच्या सीलमधून कित्येक महिने झिरपत असणार, पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं, दोन मॉसफेट फुटलेले, त्यांना चालवणारे गेट ड्रायव्हर गेलेले आणि बोर्डाचा रुपयाएवढा भाग जळून कोळसा. कोळसा झालेला बोर्ड कितीही घासला तरी ४०० व्होल्टला तो परत वाहतो, त्याच्यावर नवीन पार्ट टाकणं म्हणजे आज ना उद्या आग. दादाने तिथेच झाकण लावलं आणि सांगितलं, दुसरा बघा.

दुसरा म्हणजे अपघातात गेलेल्या गाडीतून निघालेला. तो घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, दिसायला सेम असलेले ३.३ आणि ६.६ किलोवॅटचे डबे असतात आणि गाडीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला ओळखत नाही. डबा हलवून आत पाणी वाजतं का बघा, कनेक्टरच्या पिनांवर हिरवं काही आहे का बघा, नाकाने वास घ्या, जळालेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास वर्षभर जात नाही. जमलं तर ती गाडी एसीवर चार्ज होताना बघून मग काढायला सांगा. आणि कोडिंग लागतं का ते घ्यायच्या आधी विचारा, काही गाड्यांत नवीन चार्जरला गाडीचा नंबर लिहून द्यावा लागतो, त्याशिवाय तो गप्प बसतो. मैत्रिणीच्या गाडीत कोडिंग झालं, सगळं बसलं, आणि तरी गाडी रेडीच होईना. संध्याकाळ गेली त्यात. शेवटी सापडलं की नारिंगी कनेक्टरचं लॉक अर्धंच बसलं होतं, त्या कनेक्टरमध्ये इंटरलॉकच्या दोन बारीक पिना असतात, त्या जुळल्या नाहीत तर गाडी हाय व्होल्टेज जोडायलाच नकार देते. तो नकार बरोबरच आहे. लॉक क्लिक झालं आणि गाडी रेडी.

तिच्या वेळी लीकेजचं मूळ मात्र आम्ही आधी शोधलं, कूलंटमध्ये कुणीतरी कधीतरी साधं नळाचं पाणी भरलं होतं, आत गंज धरलेला. सगळं धुऊन गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं कूलंट भरलं, नाहीतर दुसरा डबाही त्याच वाटेने गेला असता.

माझी गाडी त्यानंतर रोज एसीवरच चार्ज होतेय, पाच महिने झाले. पहिले काही आठवडे मी अर्धा तास झाला की खाली जाऊन बॉनेटपाशी कान लावून उभी राहायचे. आता प्लग लावल्यावर सुरुवातीचा एकच टक्‌ येतो, आणि सकाळी प्लग काढायच्या आधी चार्जिंग पूर्ण झाल्याचा. पोर्टच्या एका पिनेचा रंग थोडा बदललाय असं परवा टॉर्चमध्ये दिसलं, तर पोर्ट बदलायचा बेत आहे, दादा मोकळा झाला की.